हायवेवरचं बारसं

माझ्या बहिणीच्या मुलीने मला फोनचा हॉटस्पॉट चालू करायला शिकवलं आणि त्यानंतर महिनाभर मी लोकांना सळो की पळो करून सोडलं. आमच्या बोरिवलीच्या घरात आल्यागेल्याला आधी पाणी विचारायची पद्धत. मी पाण्याच्या आधी हॉटस्पॉट विचारायला लागले. "नेट आहे ना तुमच्याकडे? नाहीतर माझं घ्या, संकोच करू नका." पण नेट सगळ्यांकडेच असायचं. कुरिअरवाला हसून नको म्हणायचा. वरच्या मजल्यावरच्या वहिनी नको म्हणायच्या. गॅसचा सिलिंडर घेऊन आलेल्या माणसाने तर हात जोडले, "मावशी, तुम्ही फक्त सही करा."

"अगं, मागितलं तर दे ना," नवरा म्हणाला. "असं गळ्यात काय पडतेस लोकांच्या?"

"कोणी मागतच नाही रे!"

हे मी अगदी मनापासून बोलले होते. माझी सगळी नोकरी एका सरकारी खिडकीच्या आत बसून, बाहेरच्या माणसाला "उद्या या" सांगण्यात गेली. निवृत्त झाल्यावर वाटायला लागलं, की आता कोणीतरी काहीतरी मागावं आणि आपण ते तिथल्या तिथे द्यावं. झेरॉक्स नको, अर्ज नको. हॉटस्पॉट त्यासाठी अगदी बरोबर होता. बटण दाबलं की दिला.

तर त्या दिवशी सकाळी मी अंधेरीला भावाकडे गेले होते. माझा भाऊ माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा, बिनलग्नाचा, एकटा राहतो. त्याची बिल्डिंग पाडणार म्हणून तो लहान जागेत जाणार होता, आणि आईचा पाटा-वरवंटा त्याला मला द्यायचा होता. गावाहून, मालवणकडून, आईने स्वतः आणलेला. "तू ने बाई," तो म्हणाला. "मी मिक्सर वापरतो. खरं सांगू का, मी मिक्सरपण वापरत नाही. मी बाहेरून मागवतो."

वॉचमन आणि भाऊ अशा दोघांनी मिळून तो पाटा खाली आणला आणि रिक्षात माझ्या शेजारी सीटवर ठेवला. रिक्षावाला पन्नाशीचा, आमच्याच बाजूचा निघाला. त्याने मागे वळून पाट्याकडे पाहिलं आणि चक्क नमस्कार केला. "माझ्या आवशीकडे असोच पाटो होतो," म्हणाला, आणि मग खड्ड्यांतून रिक्षा अशी हळू न्यायला लागला, की जणू पाटाच गिऱ्हाईक आहे आणि मी त्याच्याबरोबर आलेय.

जोगेश्वरीच्या पुढे हायवेवर गाड्या थांबल्या त्या थांबल्याच. पुढे कुठेतरी टेम्पो आडवा झाला होता म्हणे. दहा मिनिटं झाली. माझ्या उजव्या हाताला दुसरी एक रिक्षा येऊन थांबली होती. तिच्यात एक गुरुजी बसले होते. तिशी-पस्तिशीचे, कपाळाला गंध, खांद्यावर उपरणं, मांडीवर टॅब. टॅब ते एकदा वर धरायचे, एकदा बाहेर काढायचे, एकदा उलटा करून झटकायचे. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"ताई, माफ करा हं," ते म्हणाले. "तुमच्याकडे हॉटस्पॉट मिळेल का?"

देवाशप्पथ सांगते, माझ्या अंगावर काटा आला.

"मिळेल की!" मी इतक्या जोरात ओरडले, की माझा रिक्षावाला दचकला. "किती वेळ पाहिजे? कितीही घ्या!"

गुरुजींनी घाईघाईने सांगितलं. सकाळी अंधेरीला त्यांची एक वास्तुशांत होती. तिथे पाय धुवायला वाकले आणि खिशातला फोन घंगाळात पडला. टॅबला स्वतःचं कार्ड नव्हतं, त्याचं नेट फोनवरूनच यायचं. आणि अकरा वाजून वीस मिनिटांचा मुहूर्त होता. बारसं होतं, ऑस्ट्रेलियात. यजमान, त्यांची बायको, बाळ, सगळे नटूनथटून कॅमेऱ्यासमोर बसलेले. गुरुजींनी कांदिवलीला घरी पोचून तिथून ते करायचं ठरलेलं, आणि आता अकरा तर इथेच वाजले होते.

"मुलगा आहे," गुरुजी म्हणाले, जणू मुलगी असती तर मी नेट दिलं नसतं. "पासवर्ड सांगा."

"सुकटचटणी."

गुरुजींचं बोट टॅबवर थांबलं. "कशाची?"

"सुकटीची. सुका जवळा असतो ना, त्याची चटणी. पासवर्ड टाकताना भाची तीच खात होती. इंग्रजीत लिहा, सगळं जोडून."

गुरुजींनी एकदा आकाशाकडे पाहिलं आणि टाइप करायला लागले. लागेना. "सुकटला के की सी?" त्यांनी विचारलं. "के!" मी ओरडले. इंजिनं, हॉर्न, मागे कोणाचं तरी भांडण, या सगळ्यातून ओरडावंच लागत होतं. "आणि चटणीला टी एक की दोन?" हे मात्र मला माहीत नव्हतं. मी आयुष्यात चटणी हजारदा वाटली असेल, इंग्रजीत कधी लिहिली नव्हती.

"आंटी, दोन टी मारायला सांगा," आमच्या दोन रिक्षांच्या मधोमध उभा असलेला एक बाइकवाला म्हणाला. पाठीवर जेवणाची मोठी पेटी, तोंडावर रुमाल. गुरुजींनी दोन टी मारल्या. नाही लागलं. त्यांच्या रिक्षावाल्याने शेवटी आय काढून वाय टाकायला सांगितलं. माझा रिक्षावाला म्हणाला, "मदी एच घाला, एच." अखेर एक टी आणि शेवटी आय, असं काहीतरी झालं आणि गुरुजी ओरडले, "लागलं!"

आम्ही चौघांनी टाळ्या वाजवल्या. मी माझ्या फोनमध्ये पाहिलं तर दोन जण जोडलेले दिसत होते. गुरुजी तर एकच होते. मी मान वर केली. बाइकवाल्याने अंगठा दाखवला. "झकास नेट आहे आंटी. मॅप उघडला माझा." आणि गाड्यांच्या फटीतून तो जो सटकला तो पुन्हा दिसला नाही. माझं नेट एका दिवसात दोघांनी घेतलं होतं. मी पदराने घाम पुसला आणि टेकून बसले.

इकडे टॅबवर माणसं दिसायला लागली. गुरुजींनी संकल्प सुरू केला आणि नेमक्या त्याच क्षणी टेम्पो हलला असावा, कारण सगळ्या गाड्या एकदम सुटल्या.

"ताई, जाऊ नका!" गुरुजी मंत्र अर्धा सोडून ओरडले.

माझ्या रिक्षावाल्याने मान बाहेर काढली. "गुरुजी, तुमी मंत्र म्हणा. मी तुमका सोडूचंय नाय." मग त्याने दुसऱ्या रिक्षावाल्याला हाक मारली, "ए भाई, बाजूमें चल. एकदम बाजूमें. जोडी नको तुटायला!"

दुसऱ्याने मान डोलावली आणि आमची वरात निघाली.

हायवेवर दोन रिक्षा अगदी हात लावता येईल इतक्या जवळून, एकाच वेगाने चालवणं हे काय काम आहे, ते मला त्या दिवशी कळलं. मी पाट्यावरून ओणवी होऊन उजवा हात बाहेर काढला होता आणि हातात फोन धरला होता, गुरुजींच्या दिशेने, निरांजन धरावं तसा. मागच्या गाड्या हॉर्न मारत होत्या. एका मोटारीतल्या बाईने काच खाली करून विचारलं, "विकायचाय का?"

गुरुजी मात्र आपल्या कामात होते. "उजव्या हातात पळीभर पाणी घ्या," ते टॅबला सांगायचे. "आचमन करा." माझ्या रिक्षावाल्याने पायाजवळची बाटली काढून एक घोट घेतला. मी त्याला म्हटलं, "अहो, तुम्हाला नाही." तो म्हणाला, "आसू दे. सांगतहत तर."

मधेच एखादी गाडी घुसायला बघायची आणि दोन रिक्षांमधलं अंतर वाढायचं. मग टॅबवरची माणसं गोठायची. बाळाचा बाप तोंड उघडं ठेवून थांबायचा. गुरुजी घाबरून त्यांच्या रिक्षावाल्याला ओरडायचे, "डावीकडे घ्या! अजून डावीकडे!" नेट परत आलं की दिसायचं, ऑस्ट्रेलियात बाप बाळाला घेऊन डावीकडे सरकलाय. असं चार-पाच वेळा झालं. शेवटी तो बिचारा पडद्याच्या बाहेरच गेला. नुसता एक कान आणि टोपीतल्या बाळाचा एक पाय दिसत होता.

"यजमान, तुम्ही कुठे निघालात?" गुरुजींनी विचारलं.

"गुरुजी, तुम्हीच तर सांगताय," कान म्हणाला.

गोरेगावला पुलाखालच्या सिग्नलला आम्हाला थांबवलं. हात दाखवून, शिट्टी मारून, दोन्ही रिक्षा एकदम कडेला. वाहतुकीच्या हवालदार होत्या, पंचविशी-तिशीच्या, उंच, गोऱ्यापान, उन्हात तापलेल्या.

"काय चाललंय काय?" त्या म्हणाल्या. "मिरवणूक आहे का? मागे बघा किती गाड्या तुंबल्यात. आणि मावशी, तुम्ही हात कशाला बाहेर काढलाय? तोडून घ्यायचाय का?"

"हॉटस्पॉट देतेय," मी म्हटलं.

"कोणाला?"

"गुरुजींना."

त्यांनी गुरुजींकडे पाहिलं. गुरुजींनी टॅब फिरवून दाखवला. टॅबवरच्या बापाने घाबरून नमस्कार केला. गुरुजी म्हणाले, "ताई, बारसं चाललंय. मुहूर्ताला आठ मिनिटं राहिलीत. माझा फोन पाण्यात पडला, यांच्या फोनवर सगळं चाललंय. लांब गेलो की तुटतं हो."

बाईंनी माझ्या रिक्षात डोकावून पाहिलं. मग गुरुजींच्या रिक्षात डोकावून पाहिलं. तिथे गुरुजी, एक कापडी पिशवी, आणि बाकी सगळी सीट रिकामी. माझ्याकडे मी, पाटा, आणि पाट्यापलीकडे एका माणसाला नीट बसता येईल इतकी जागा.

"मग एकाच रिक्षात बसा ना!" त्या म्हणाल्या.

गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. दुसरा रिक्षावाला हँडलकडे बघायला लागला. मग माझा रिक्षावाला म्हणाला, "ह्यां आमका सुचलांच नाय."

"जोगेश्वरीपासून असेच आलात?"

"हो."

हवालदारबाईंनी टोपी काढली, कपाळ पुसलं, टोपी परत घातली. मला वाटलं आता दंड होणार. पण त्या म्हणाल्या, "रिक्षा बंद करा दोन्ही. इथेच कडेला उरका काय ते. चालत्या गाडीत नाव ठेवता होय लेकराचं?"

गुरुजी पिशवी घेऊन माझ्या रिक्षात आले. बसता बसता त्यांचा हात वरवंट्याला लागला आणि ते थांबले.

"ताई, हा वरवंटा?"

"हो, आईचा माझ्या."

"अहो, वरवंटा!" गुरुजींच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. बारशाला बाळाच्या आधी वरवंट्याला टोपडं घालून पाळण्यात ठेवतात, त्याची पण पूजा-बिजा करतात. ऑस्ट्रेलियात वरवंटा कुठून मिळणार? त्या लोकांनी पाळण्यात लाटणं ठेवलं होतं, आणि लाटण्याला बाळाचा मोजा घातला होता. गुरुजींना मघापासून ते खटकत होतं. "दोन मिनिटं द्याल का?" त्यांनी मला विचारलं. मी नाही कशाला म्हणते? मी माझा स्कार्फ काढून वरवंट्याला टोपडं बांधलं. आईने त्याच वरवंट्याने आयुष्यभर लसूण-खोबरं रगडलं होतं. आता तो माझ्या मांडीवर गुलाबी ठिपक्यांचं टोपडं घालून टॅबकडे बघत होता.

"ओह, सो क्यूट!" बाळाची आई म्हणाली. बाळ मात्र तिच्या मागे कुठेतरी केकाटत होतं.

इथपर्यंत छान चाललं होतं. मग गुरुजींनी विचारलं, "आत्याबाई तयार आहेत ना?"

बाळाची आत्या, म्हणजे त्या बापाची बहीण, नाशिकला होती. ती टॅबवर एका कोपऱ्यातल्या चौकोनात बसलेली मघाशी मीही पाहिली होती, हिरवी पैठणी आणि नथ. नाव कानात सांगायचा मान तिचा. पण आता तो चौकोन काळा झाला होता.

"ताई गेली," बाप म्हणाला.

माझा रिक्षावाला दचकून वळला. "गेली म्हंजे?"

"म्हणजे नेट गेलं तिचं. ताई! ताई, ऐकू येतंय का? फोनपण लागत नाहीये तिचा."

मुहूर्ताला चार मिनिटं. बापाने पुन्हा फोन लावला, बायकोने लावला. नाशिक लागेना. गुरुजींनी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"ताई, तुम्हाला भाऊ आहे का?"

"आहे. अंधेरीला. आत्ता त्याच्याकडूनच येतेय."

"मग झालं. तुम्ही आत्या व्हायला पात्र आहात."

"काकू, प्लीज," ऑस्ट्रेलियातून बाप म्हणाला.

आता हे वाचणाऱ्याला गंमत वाटेल, पण सांगतेच. मी चार पोरांची मावशी आहे. तीन पोरांची काकू आहे. मामी आहे. पण माझ्या एकुलत्या एका भावाने लग्नच केलं नाही, त्यामुळे आत्या मी कोणाचीच नाही. एवढी बारशी केली आयुष्यात, प्रत्येक वेळी पाळण्यापाशी दुसरीच कोणीतरी वाकायची, "कुर्रर्र" करायची, आणि आम्ही बाकीच्या मागून तिच्या पाठीत धपाटे घालायचो. मी भावाला कधी बोलले नाही. त्याला काय बोलणार? आणि आज गोरेगावच्या पुलाखाली, घामाने चिंब, मांडीवर वरवंटा, आणि एक अनोळखी माणूस मला प्लीज म्हणत होता.

"करते," मी म्हटलं.

नाव गुरुजींच्या पिशवीतल्या कागदावर लिहिलेलं होतं. अक्षर मुंगीएवढं, आणि माझा चष्मा भावाकडे राहिला होता. म्हणून गुरुजींनी ते माझ्या कानात सांगितलं. तीनदा सांगावं लागलं, कारण वरून पुलावरून डंपर जात होते. नाव काय ते मी इथे लिहीत नाही, ते त्या घराचं आहे. हल्लीच्या पद्धतीचं होतं, एकदा ऐकून कोणाला येणार नाही असं. मी दोनदा घोकलं.

टॅब आम्ही पाट्यावर ठेवला, वरवंट्याला टेकवून. माझा फोन त्याच्या शेजारी. बापाने तिकडून बाळाला उचलून त्याचा कान स्पीकरला लावला. गुरुजींनी खूण केली. हवालदारबाई, दुसरा रिक्षावाला, सगळे वाकून बघत होते. मी वाकले, ओठ टॅबपाशी नेले, आणि माझा फोन वाजला.

नवरा होता. आणि सवय काय वाईट असते! मी आयुष्यभर फोन वाजला की उचललाय, स्पीकरवरच उचललाय. बोट आपोआप गेलं.

"अगं," नवऱ्याचा आवाज पुलाखाली घुमला, "कुकरच्या किती शिट्ट्या काढायच्या?"

"तीन!" मी ओरडले. "आणि ठेव!"

फोन बंद झाला. ऑस्ट्रेलियात मघापासून केकाटणारं ते बाळ गप्प झालं आणि मोठे डोळे करून बापाकडे बघायला लागलं.

"काकू," बाप चाचरत म्हणाला, "हे नाव नव्हतं ना?"

"नाही रे बाळा!" मला रडावं की हसावं कळेना. "गुरुजी, आता काय हो? त्याच्या कानात 'तीन' गेलं ना पहिलं!"

गुरुजींनी डोळे मिटले होते. ते काहीतरी आठवत असावेत. मग त्यांनी डोळे उघडले आणि ठाम आवाजात सांगितलं, "कुर्र झालेलं नाही. कुर्रशिवाय नाव लागू होत नाही. चला, परत."

आम्ही सगळ्यांनी एकदम श्वास सोडला. मी फोन पालथा केला, वाकले, आणि पोटातून जेवढा दम होता तेवढा लावून "कुर्रर्रर्र" केलं. एवढं लांब केलं, की माझ्या रिक्षावाल्याने चावीकडे हात नेला, त्याला वाटलं रिक्षाच चालू झाली. मग नाव सांगितलं. अक्षरन् अक्षर बरोबर. बाळ खुदकन हसलं. बारा-पंधरा दिवसांची बाळं अशी हसत नाहीत, ते आपल्याला वाटतं, असं सगळे म्हणतात. मला हसताना दिसलं.

आणि त्याच वेळी माझ्या पाठीत असा एक धपाटा बसला, की वरवंटा घरंगळून गुरुजींच्या पायावर पडला.

हवालदारबाई होत्या. "आत्याला धपाटा नको होय?" त्या म्हणाल्या. "कोणीच पुढे होईना म्हणून म्हटलं आपणच घालावा." मागे गाड्यांचा आरडाओरडा चालूच होता. त्या वळल्या आणि कचकचीत शिट्टी मारली.

"ही एक झाली," माझा रिक्षावाला म्हणाला. त्याच्या डोक्यात अजून कुकर होता.

गुरुजींच्या पायाच्या अंगठ्याला चांगलाच मार लागला होता, तरी त्यांनी आशीर्वाद पूर्ण म्हटले. दुसरा रिक्षावाला प्रसाद घेतल्याशिवाय हलेना. वास्तुशांतीतली दोन केळी आणि एक नारळ गुरुजींनी त्याला दिला, एक केळं हवालदारबाईंना. त्यांनी ते खिशात ठेवलं आणि आम्हाला म्हणाल्या, "निघा आता. आणि हात आत!" गुरुजी माझ्याच रिक्षातून कांदिवलीपर्यंत आले. वाटेत बापाने चार वेळा धन्यवाद म्हटलं. बाळाची आई म्हणाली, इंडियात आलो की तुम्हाला भेटायलाच येणार. मला वाटलं, असं सगळेच म्हणतात.

घरी पोचायला एक वाजला. नवरा दारातच उभा.

"एवढा उशीर?"

"बारसं होतं."

"कोणाचं?"

"माहीत नाही," मी म्हटलं, आणि त्याला पाटा उचलायला खाली पाठवलं.

पण गोष्ट इथे संपली नाही. चौथ्या दिवशी मला नाशिकहून फोन आला. आवाज जाडसर, शिस्तीचा. "आपण रिक्षातल्या का?"

मी म्हटलं, हो.

"मी बाळाची आत्या. खरी."

उतरताना गुरुजींनी माझा नंबर लिहून घेतला होता, तो तिने त्यांच्याकडून मिळवला होता. तिच्याकडे त्या दिवशी समोरच्या रस्त्यावर खणताना वायरच तुटली, घरातलं नेट गेलं, मोबाइलला तिच्या खोलीत रेंज नाही. पैठणी नेसून ती गच्चीवर धावत गेली, तोवर सगळं उरकलं होतं. तिने मला बोल लावला नाही. नुसतं विचारलं, "कुर्र किती वेळा केलंत?"

"एकदा. पण लांब."

"आमच्यात तीनदा करतात."

मी म्हटलं, मला कोणी सांगितलं नाही. ती म्हणाली, "करून दाखवा बघू, कसं केलंत." मी भाजी टाकली होती. गॅस बारीक केला आणि फोनवर कुर्रर्र केलं. मग ती म्हणाली, "ठीक आहे. आवाज चांगला आहे." आणि फोन ठेवला.

मला त्या बाईचा राग आला आणि कीवही आली. एकुलता भाऊ, तो तिकडे सातासमुद्रापार, त्याचं पहिलं पोर, आणि तिचा तेवढा एक मान मी गोरेगावला उरकून टाकला. दोन दिवस मला ते लागून राहिलं. मग मीच तिला फोन केला आणि सांगितलं, की मला भाऊ आहे पण त्याला पोरंबाळं नाहीत, म्हणून मी हावरटासारखी पटकन हो म्हटलं, माफ करा. ती म्हणाली, "हावरट कशाला? माझ्या भावाने दुसऱ्या कोणाला सांगितलं असतं तर तिनेही केलंच असतं. दहा मिनिटं थांबायला काय झालं होतं त्याला? लहानपणापासून असाच आहे, घाईचा."

त्यानंतर अधूनमधून तिचा फोन यायला लागला. कधी बाळाचा फोटो पाठवायची, कधी त्याच्या बापाची तक्रार सांगायची. संक्रांतीनंतर एका लग्नासाठी ती बोरिवलीला आली, तेव्हा वेळ काढून आमच्या घरी आली. फोनवरच्या आवाजावरून मला वाटलं होतं, चांगली थोराड बाई असेल. तर दारात एवढीशी, माझ्या खांद्याला लागणारी, हातात द्राक्षांची पेटी घेतलेली. आत आली, पाणी प्यायली, आणि म्हणाली, "वरवंटा दाखवा."

दाखवला. तिने तो हातात तोलून पाहिला, बुडाशी बोट फिरवलं, जाग्यावर ठेवला.

मी चहा केला. नवऱ्याला बाहेर पाठवलं. तिने विचारलं, तुमचा भाऊ काय करतो, लग्न का नाही केलं, जेवतो कुठे? मी सांगितलं. मी विचारलं, तुमचा तिकडे का गेला, येतो का कधी, आईला फोन करतो का? तिने सांगितलं. चहा झाला, परत चहा झाला, मी सुकटीची चटणी काढली, तिने भाकरी मागितली. दोन तास आम्ही दोघी बसून आपापल्या भावांना नावं ठेवली. तिला लवकर निघायचं होतं, पण लग्नातलं जेवण तसंही चांगलं नसणार असं ती म्हणाली. शेवटी संध्याकाळी उठली तेव्हा उरलेली द्राक्षं मी पिशवीत भरून दिली, आणि तिने नको न म्हणता घेतली.